पाच तासांचा गेम, साठ डॉलर किंमत: ‘द ऑर्डर: १८८६’ खरंच महाग होता का?

कळसूत्री (धागाकर्ता)

गेमची किंमत तासांवर मोजावी का, हा वाद निघाला की कोणीतरी ‘द ऑर्डर: १८८६’चं नाव काढतंच. परवा दुसऱ्या एका धाग्यावर तेच झालं. तिथली चर्चा भरकटू नये म्हणून हा वेगळा धागा.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फेब्रुवारी २०१५ मध्ये फक्त प्लेस्टेशन ४ वर आलेला गेम, बनवणारा स्टुडिओ रेडी ॲट डॉन. अमेरिकेत किंमत ६० डॉलर, म्हणजे तेव्हाची पूर्ण किंमत. व्हिक्टोरियन लंडन, राजा आर्थरच्या गोलमेजाचे सरदार शतकानुशतकं जिवंत, समोर लांडगेमाणसं आणि हत्यारं बनवून द्यायला साक्षात निकोला टेस्ला. दिसायला इतका देखणा की आजही पीएस५ वर लावला तर पाहुण्यांना नवा वाटेल. बाजारात यायच्या काही दिवस आधी कोणीतरी तो अख्खा खेळून यूट्यूबवर टाकला आणि लांबी भरली पाच तासांच्या आसपास. मग काय, धुरळा! स्टुडिओचे प्रमुख रू वीरसूर्या ‘लांबीवरून दर्जा ठरत नाही’ अशी बाजू मांडत राहिले, पण ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. समीक्षकांच्या गुणांची सरासरी देणाऱ्या मेटाक्रिटिक साइटवर गाडी शंभरात ६३ वर अडकली.

माझं म्हणणं असं की आरोपी बरोबर होता, कलम चुकीचं लावलं. त्या पाच-सहा तासांत तुमच्या हातात किती होतं ते बघा. काही प्रकरणं निव्वळ चलचित्र आहेत. कंट्रोलर मांडीवर ठेवून बघत बसायचं. मधेच नायक गॅलहॅड एखादी वस्तू उचलतो, आपण ती गोल फिरवून बघतो, ठेवून देतो, पुढे तिचा उपयोग शून्य. मोठ्या लांडग्याशी चाकूची झुंज एकदा होते, ती छान आहे. शेवटचा बॉस म्हणून जवळजवळ तीच झुंज पुन्हा समोर येते. आणि व्हॅम्पायरचं प्रकरण आता कुठे उघडतंय म्हणेपर्यंत नामावली सुरू. म्हणजे पाच तासांच्या गेममध्येसुद्धा पाणी घातलेलं होतं! हाच गेम वीस तासांचा केला असता तर चौपट पाणी मिळालं असतं, एवढंच.

याउलट ‘मेटल गिअर सॉलिड’ मालिकेतला ‘ग्राउंड झीरोज’ घ्या, मार्च २०१४ चा. क्यूबातला एक लष्करी तळ, एक मुख्य मोहीम, बाजूला काही छोट्या मोहिमा. मुख्य मोहीम पहिल्यांदा खेळताना दीड-दोन तास. सरावलेला माणूस दहा-पंधरा मिनिटांत बाहेर. त्यावरही बोंब झाली होती, आणि प्रकाशक कोनामीने पीएस४ डिस्कची किंमत ४० वरून ३० डॉलर केली. पण त्या तळावर पहाऱ्याची वेळ, दिव्यांच्या जागा, कोणत्या गाडीत लपून आत जाता येतं, हे सगळं इतकं गच्च भरलेलं आहे की माणूस परत परत जातो. कंटेंट म्हणायचं तर ते तिथे आहे.

आता आपल्याकडचा हिशोब. याबद्दल परदेशी समीक्षक बोलत नाहीत. डिस्क होती तोवर छोटा गेम आपल्याला महाग पडतच नव्हता, उलट सगळ्यात स्वस्त पडायचा! चार हजारांची डिस्क शुक्रवारी घ्यायची, शनिवार-रविवारात गेम संपवायचा आणि बाजारात मागणी गरम असतानाच तीन-सव्वातीन हजारांना पुढच्याला द्यायची. खर्च पडला पाऊण-एक हजार. शंभर तासांचा गेम संपेपर्यंत चार महिने जातात, तोवर सेल लागून किंमत निम्मी झालेली असते. मग महाग कोणता? पाच तासवाला की शंभर तासवाला?

डिजिटल आलं आणि हे गणित संपलं. म्हणून मला वाटतं की ‘एवढ्याशा गेमला एवढे पैसे’ ही तक्रार आज जास्त खरी आहे. २०१५ मध्ये ती तितकीशी खरी नव्हती.

---

अर्धवट_सेव्ह

शेवटच्या लांडग्याबद्दल +१००. मला वाटलं चुकून जुनं सेव्ह लोड झालं.

---

रात्रपाळी

गणित बरोबर, पण कळसूत्री, तुमची डिस्क तीन हजारांना घेणारा माणूसही तुमच्याच शाळेतला. तो अडीचला विकणार, तिसरा दोनला. साखळीतल्या शेवटच्या माणसाकडे आठशे रुपयांचा गेम पडून राहतो आणि त्याला मात्र तो आठशेलाच पडलेला असतो. 😀 सगळेच जिंकलो असं काही नसतं, फक्त चटका वाटून घेतला जातो.

आणि हे मुंबई-पुण्यात. लॅमिंग्टन रोडला किंवा हिरापन्नाला चालत जाऊ शकणाऱ्यांचं गणित नांदेडला लावू नका. इथे ओएलएक्सवर महिनाभर फोटो टाकून ठेवले तरी ‘लास्ट प्राइस क्या’ यापलीकडे मजल जात नाही.

---

हडपसरकर

या धंद्यात नोकरी करतो म्हणून जरा लांबण लावतो.

सेकंडहँड डिस्कचा जो हिशोब कळसूत्रींनी मांडलाय, तोच हिशोब प्रकाशकांनीही मांडला होता, वहीच्या दुसऱ्या बाजूने. एक डिस्क पाच घरांत फिरली तर पैसे एकदाच मिळतात. आणि ज्या गेमला फक्त कथा आहे, जो दोन दिवसांत संपतो, तो सगळ्यात लवकर फिरतो. त्यावर उपाय काय शोधले? ईए या मोठ्या प्रकाशकाने २०१० मध्ये ‘ऑनलाइन पास’ काढला. नव्या डिस्कसोबत एक कोड, जुनी घेतलीत तर ऑनलाइन खेळायला वेगळे पैसे. लोकांनी इतक्या शिव्या घातल्या की २०१३ मध्ये तो बंद करावा लागला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनवर जुन्या डिस्कच्या देवाणघेवाणीवर बंधनं जाहीर केली आणि काही दिवसांतच मागे घेतली. सोनीने त्यावर एक छोटा व्हिडिओ काढला होता: गेम मित्राला कसा द्यायचा? एकाने डब्बी दुसऱ्याच्या हातात दिली, व्हिडिओ संपला. त्या वर्षीचं ई३ हे गेमिंगचं मोठं प्रदर्शन तिथेच जिंकलं त्यांनी.

दुसरा उपाय म्हणजे गेम विकावासाच वाटू नये असं काहीतरी त्यात घालणं. गरज नसलेला मल्टिप्लेअर, म्हणजे इतरांसोबत ऑनलाइन खेळायचा भाग, हा त्या काळचा रोग. ‘डेड स्पेस २’ला होता, २०१३ च्या ‘टूम रेडर’ला होता. आज कोणाला आठवतो? नंतर मल्टिप्लेअरची जागा नकाशाने घेतली. नकाशा मोठा करा, त्यावर छोट्या-छोट्या कामांचे ठिपके पेरा. ‘द ऑर्डर’ने यातलं काहीच केलं नाही, ना मल्टिप्लेअर, ना नकाशा. गेम म्हणून तो फसला हे मला मान्य आहे. पण त्याने लांबी वाढवण्याच्या सोप्या युक्त्या टाळल्या आणि सगळ्यात जास्त मार त्याच कारणासाठी खाल्ला, हे मला अजून खुपतं. त्यातून बाकीच्या स्टुडिओंनी जो धडा घ्यायचा तो घेतला.

किंमत कशी ठरते याबद्दल एक. ती कंटेंटवरून ठरत नाही. खर्चावरूनही नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हिजन-खरेदीवरून खटला चालला होता, त्यात सोनीच्या कागदपत्रांवरचे आकडे काळ्या मार्करने खोडले होते. स्कॅन केल्यावर मार्करखालचं सगळं दिसलं! ‘द लास्ट ऑफ अस भाग २’ बनवायला सुमारे २२ कोटी डॉलर, ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ला २१ कोटी २० लाख. त्याच्या पासंगालाही न पुरणाऱ्या बजेटचे गेम त्याच किमतीला लागलेले असतात. साठ डॉलर हा प्रघात आहे, २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० सोबत रूढ झालेला. २०२० मध्ये त्याचे सत्तर झाले. बाकी काही नाही.

---

ठाणेकर_काका

तुम्हा मुलांची चर्चा वाचून मजा वाटते. आमच्या वेळी कंटेंटचा प्रश्न कार्ट्रिजवरच छापलेला असायचा: ‘९९९९९९९ इन १’. घरी आणून लावलं की यादी खरोखर लाखांत जायची आणि आत सात-आठ गेम. एकदा कॉन्ट्रा, मग दुसऱ्या लेव्हलपासूनचा कॉन्ट्रा, मग तीस जिवांचा कॉन्ट्रा. तरी दोन वर्षं काढली त्याच्यावर.

एक शंका आहे. आपल्या मराठी पुस्तकांची किंमत पानांवरच ठरते की! कवितासंग्रह पातळ म्हणून शंभर-दीडशे, कादंबरी जाड म्हणून पाचशे. कवीने एका ओळीवर वर्ष घालवलं असेल, पण छापणारा फॉर्म, म्हणजे पानांचे गठ्ठे, मोजतो. आपण कोणी तक्रार करत नाही. मग गेम तासांवर विकले तर नक्की काय बिघडलं? छोटा असेल तर छोटी किंमत लावा. भांडण तर ‘सगळ्यांना एकच किंमत’ याचं आहे ना?

---

हडपसरकर

काका, मुद्दा बिनतोड. आणि तसं थोडंफार व्हायलाही लागलंय. ‘असॅसिन्स क्रीड मिराज’ (२०२३) आकाराने लहान म्हणून ५० डॉलरला आला. ‘हेलब्लेड २’ही ५० ला. गोची अशी की आता खालची बाजूही मोडलीय. ‘क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३’ ५० डॉलरला, ‘सिल्कसाँग’ तर २० ला, आणि दोन्हींत छोटेपणा कुठेच नाही. आता सत्तरवाल्यांनी तोंड कुठे लपवायचं!

---

सोनचाफा

मी उलट्या बाजूने बोलते. नोकरी, घर, मुलगी झोपल्यावर मिळेल तेवढा वेळ. मला पाच-सहा तासांचा गेम म्हणजे दोन-तीन आठवड्यांची सोय असते, आणि तो संपतो याचंच मोल जास्त आहे. ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’ सुरू केला होता. ग्रीस सुंदर, कसांड्रा तर लाडकीच. पण पुढच्या मोहिमेसाठी लेव्हल कमी पडते, म्हणून बाजूची दहा कामं करा. आणि त्याच गेमच्या दुकानात खऱ्या पैशांना अनुभवगुण लवकर वाढवणारा बूस्टर विकायला ठेवलेला! एकट्याने खेळायच्या गेममध्ये! म्हणजे लांबी वाढवली त्यांनीच, आणि ती कमी करायचे पैसे माझ्याकडून. तेव्हापासून ‘शंभर तासांचा कंटेंट’ असं खोक्यावर दिसलं की मी ती सूचना समजते.

---

धोपटमार्ग

सगळ्यांचा मान राखून सांगतो, हे सगळं दुसरा गेम घेऊ शकणाऱ्यांचं बोलणं आहे.

मी हॉस्टेलवर राहतो. लॅपटॉप मित्राचा जुना. वर्षात एखादा गेम पूर्ण किमतीला घेता येतो, तोही वाढदिवसाच्या पैशांतून. मला पाच तासांचा अप्रतिम गेम दिला तर उरलेल्या वर्षाचं मी काय करू? ‘बाल्डर्स गेट ३’ घेतला, अजून संपलेला नाही, आणि त्यात पाणी कुठे घातलंय दाखवा. आजूबाजूची मुलं मोबाइलवर बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम खेळतात, फुकट. त्यांच्यासमोर ‘दर्जा बघ, तास मोजू नकोस’ हे म्हणून बघा.

सोनचाफाताई, तुमच्याकडे पैसे आहेत, वेळ नाही. माझ्याकडे वेळच वेळ आहे. एकाच गेमला दोघांनी एकच किंमत द्यायची आणि समीक्षा मात्र तुमच्या वयाच्या लोकांनी लिहायची. म्हणून परीक्षणांत ‘आटोपशीर’ हा शब्द कौतुकाचा असतो.

---

सोनचाफा

शेवटचं वाक्य लागलं रे, पण खरंय. परीक्षकांना तर गेम फुकट मिळतो आणि मुदतीत संपवायचाही असतो. छोटा गेम त्यांना दुप्पट गोड.

---

कळसूत्री (धागाकर्ता)

धोपटमार्ग, तुझा मुद्दा मी टाळणार नाही. तास मोजू नका असं मी म्हणत नाही. खिशात एकाच गेमचे पैसे असतील तर मोजलेच पाहिजेत. माझा आक्षेप तासांचा आकडा गेमच्या माथी दोष म्हणून मारण्याला आहे. ‘हा गेम मला परवडत नाही’ आणि ‘हा गेम वाईट आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. २०१५ च्या त्या गदारोळात दुसरं वाक्य फार मोठ्या आवाजात बोललं गेलं, आणि लांडग्याची झुंज दोनदा का, हे फार थोड्यांनी विचारलं.

आणि नुसता कंटेंट वाढवून काय होतं तेही २०१६ मध्ये बघितलं. ‘नो मॅन्स स्काय’, ६० डॉलर, १८ क्विंटिलियन ग्रह. पहिल्या आवृत्तीत पाचव्या ग्रहावर माणूस जांभया देत होता. आज तो गेम उत्तम आहे, पण त्यासाठी ग्रहांची संख्या वाढवावी लागली नाही. वर्षानुवर्षं फुकट अपडेट देत ग्रहांवर करण्यासारखं काहीतरी आणून ठेवलं.

डॉलर-रुपयाचं कोणी बोललं नाही अजून. २००५ मध्ये डॉलर ४४-४५ रुपयांना होता, म्हणजे तेव्हाचे साठ डॉलर सत्तावीसशे रुपये. २०२० चे सत्तर डॉलर ७४ च्या भावाने पाच हजारांच्या वर. तिकडे पंधरा वर्षांत किंमत दहा डॉलरनी वाढली, इकडे जवळजवळ दुप्पट. तिकडचे लोक ‘महागाईच्या मानाने गेम स्वस्तच झालेत’ म्हणतात ते त्यांच्या पगाराच्या हिशोबाने.

---

म्युनिकवासी

इकडची बातमी. निन्टेन्डोच्या स्विच २ कन्सोलवरचा ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ अमेरिकेत ८० डॉलरला आला, आणि युरोपात डिजिटल ८० युरो, कार्ड (तिथे डिस्कऐवजी कार्ड असतं) घेतलं तर ९० युरो. म्हणजे विकायचा हक्क हवा असेल तर त्याचे दहा युरो वेगळे, असा मी अर्थ लावला. शिवाय स्विच २ च्या बऱ्याच गेमचं कार्ड म्हणजे नुसती किल्ली असते. आत गेम नाही, डाउनलोडच करायचा. विकता येतं अजून, पण सर्व्हर बंद झाल्यावर ते कार्ड कशाला वापरायचं ते निन्टेन्डोच जाणे.

मी मात्र या सगळ्यातून सुटलोय. इथल्या सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तकांच्या शेजारी गेम असतात. नाव नोंदवायचं, नंबर लागला की घेऊन यायचं. पाच तासांचा गेम ग्रंथालयासाठी आदर्श, मुदतीच्या आत परत. शंभर तासवाला दोनदा मुदत वाढवूनही अर्धाच राहतो.

ठाण्याच्या किंवा पुण्याच्या एखाद्या जुन्या वाचनालयाने सुरू करायला हवं हे.

---

ठाणेकर_काका

वाचनालयाने दिवाळी अंक वेळेवर आणले तरी आम्ही धन्य होऊ!

---

हडपसरकर

छोट्या गेमच्या बाजूने अजून एक. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाचा परतीचा नियम सगळ्यांना ठाऊक असेल: घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत. जून २०१५ पासून. ग्राहक म्हणून उत्तम नियम. पण तुमचा अख्खा गेमच दीड तासाचा असेल तर? २०२१ मध्ये एमिका गेम्स नावाच्या छोट्या निर्मात्याच्या ‘समर ऑफ ’५८’ या भयपट-छाप गेमचं तेच झालं. लोकांनी गेम संपवला, चांगलं परीक्षण लिहिलं आणि पैसे परत घेतले. त्या निर्मात्याने वैतागून गेम बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे दोन तासांच्या वर गेम ताणायचं कारण आता दुकानाच्या नियमातच आहे.

आपल्या पुण्याचा ‘राजी’ (२०२०) आठवतो का? नॉडिंग हेड्स या स्टुडिओचा. पहाडी चित्रशैली, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली गोष्ट, गेम ॲवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या इंडी (छोट्या स्वतंत्र स्टुडिओच्या) गेमचं नामांकन. लांबी पाच-सहा तास, आणि शेवट ‘द ऑर्डर’सारखाच हवेत लटकलेला. किंमत मात्र २५ डॉलर. शेवटाबद्दल टीका झालीच, व्हायलाही हवी होती. पण ‘फसवणूक’ हा शब्द कोणी वापरला नाही. ठाणेकर काकांचं पानांचं गणित तिथे बरोबर लागू पडलं.

---

अर्धवट_सेव्ह

राजीला आपण लोकांनी दोन मार्क जास्तच दिले, मान्य करा. लढाईचा कॅमेरा त्रासदायक होता.

---

हडपसरकर

दोन नाही, दीड. कॅमेऱ्याबद्दल बोलायचं नाही, ओळखीची माणसं आहेत.

---

धोपटमार्ग

मग शेवटी ‘द ऑर्डर’ घ्यावा का? रूममेटच्या काकांकडे पीएस५ आहे, सुट्टीत जाणार आहोत.

---

कळसूत्री (धागाकर्ता)

सेकंडहँड डिस्क हजाराच्या आत मिळाली तर डोळे मिटून घे. थर्माइट रायफल आणि हवाई जहाजाचं प्रकरण, या दोन गोष्टींवरच पैसे निघतात. पुढच्या भागाची वाट बघू नकोस, रेडी ॲट डॉन २०२४ मध्ये बंद झाला. फक्त काकांचा पीएस५ डिस्कवाला आहे ना ते आधी विचार.

---

रात्रपाळी

माझ्याकडे आहे डिस्क, ओरखडा नाही. नऊशे. साखळीतला शेवटचा माणूस मीच होतो. नांदेडहून कुरिअर करतो, खर्च निम्मा-निम्मा.

---

धोपटमार्ग

आठशे?

---

अर्धवट_सेव्ह

खरेदी-विक्रीचा धागा वेगळा आहे हो. तिथे या, मी साडेआठशे देतो.